जीप आली, बाजूला व्हा

गेल्या सोमवारी आठवडी बाजारात गाडी लावून उतरलो तर एक जुना वाचक भेटला. गाडीकडं बघत, डोळे मिचकावत म्हणाला, "काय पत्रकार, थार? बातम्यांना बरे दिवस आलेत की!"

टोमणा कळला. तालुक्याच्या पत्रकाराकडं मोठी गाडी दिसली की लोकांच्या मनात एकच प्रश्न येतो, पाकीट कुणाचं? प्रश्न चुकीचा नाही. आमच्या धंद्यानंच तो कमावलाय. म्हणून आधी हिशोब देतो, इतिहास मग सांगतो.

माझी गाडी थार नाही. आपल्याकडं तसल्या चौकोनी दिसणाऱ्या सगळ्याच गाड्यांना लोक थार म्हणतात. माझी आहे जुनी, ताडपत्रीच्या टपाची, फोर बाय फोर जीपगाडी. सेकंडहँड, तिसऱ्या हातातली. पावणेचार लाखाला घेतली. त्यातले अडीच लाख पतसंस्थेचं कर्ज, बाकीचे बायकोच्या भिशीचे आणि वडिलांच्या फंडातले. हप्ता अजून चालू आहे. पाकीट नाही. असतं तर एसीवाली घेतली असती.

आता खरा प्रश्न. घेतली कशाला?

जुलै २०२१. आपल्या पाटण तालुक्यात त्या रात्री काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. मोरणा खोऱ्यात आंबेघर, तिकडं मिरगाव, ढोकावळे. डोंगर खाली आला आणि घरं गेली, माणसं गेली. मी बातमीसाठी निघालो तर मोटारसायकल पहिल्याच ओढ्यावर अडली. एका ओळखीच्या माणसाच्या जुन्या जीपमध्ये मागं उभा राहून पुढं गेलो. चिखल, वाहून आलेले दगड, मोडलेल्या मोऱ्या, त्यातून ते जीपडं घरघर करत निघालं होतं. शेवटी तेही थांबलं आणि पुढचं अंतर चालावंच लागलं. पण त्या दिवशी मनात बसलं, की डोंगराच्या तालुक्यात बातमीदारी करायची तर अशी गाडी पाहिजे.

दीड वर्षानं घेतली. घेतल्यापासून डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवलीय, डिझेल आणि किलोमीटर लिहायला. परवा ती चाळली. दोन वर्षांत छोटा गिअर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा लो गिअर, मी किती वेळा टाकला? चार वेळा. त्यातला एक शेजाऱ्याचा ऊस भरलेला ट्रॅक्टर ओढायला. बाकीचे सगळे दिवस ती गाडी दूध, शाळा, तहसील कचेरी, प्रेस आणि बाजार एवढंच फिरली. लिटरला दहा-अकरा किलोमीटर देत, पावसात माझ्या उजव्या गुडघ्यावर पाणी टिपकवत, आणि पाट्यांच्या स्प्रिंगवर माझ्या आईची कंबर मोडत.

ही कथा माझ्या एकट्याची नाही. आपल्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या अशा किती गाड्यांनी चिखल बघितलाय ते सांगा. म्हणून जरा मागं जाऊन बघितलं, की ही गाडी आली कुठून, कुणासाठी, आणि आपल्या दारात कशी उभी राहिली.

लढाईची गाडी

१९४० चा उन्हाळा. युरोपात हिटलरच्या फौजा सुसाट सुटल्या होत्या. अमेरिका अजून लढाईत नव्हती, पण तयारी चालू झाली होती. घोडा आणि साइडकारची मोटारसायकल यांची जागा घेईल अशी एक हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी त्यांच्या लष्कराला पाहिजे होती. त्यांनी १३५ कंपन्यांना विचारलं. मुदत इतकी कमी होती, की बहुतेकांनी नादच सोडला. बॅंटम नावाच्या एका छोट्या, कर्जात बुडालेल्या कंपनीनं कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला हाताशी धरून ४९ दिवसांत नमुना गाडी उभी केली आणि २३ सप्टेंबर १९४० ला लष्कराच्या ताब्यात दिली.

पण मोठं काम छोट्या कंपनीला मिळत नाही, हा नियम तिकडंही लागू आहे. लष्कराला लाखांनी गाड्या हव्या होत्या. मुख्य ठेका गेला विलीज-ओव्हरलँडला, आणि त्याच आराखड्यावर फोर्डनंही गाड्या बनवल्या. लढाई संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या काढल्या. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर ८० इंच, म्हणजे जेमतेम दोन मीटर. इंजिन ६० अश्वशक्तीचं. दार नाही, काच पुढं आडवी पडणारी, टप कापडाचा. आरामाचा विचारच नव्हता, कारण तिच्यात बसणारा आरामासाठी बसतच नव्हता. कुठंही जाता यावं आणि मोडली तर पाना-पक्कड घेऊन जागेवर दुरुस्त व्हावी, एवढंच तिच्याकडून मागितलं होतं.

लढाई संपल्यावर विलीजनं १९४५ मध्ये हीच गाडी शेतकऱ्यांसाठी म्हणून बाजारात आणली. नांगर ओढेल, पंप चालवेल आणि रविवारी चर्चला नेईल, अशी. म्हणजे ही गाडी रोजच्या वापरात आणायची कल्पना आजची नाही, ऐंशी वर्षांची आहे. फरक इतकाच, की तेव्हा रोजचा वापर म्हणजे शेतातलं काम होतं.

आपल्याकडं

लढाईच्या काळात के. सी. महिंद्र हे वॉशिंग्टनमध्ये भारताच्या खरेदी मिशनचे प्रमुख होते. तिथं या गाडीशी त्यांची ओळख झाली. १९४५ मध्ये जे. सी. आणि के. सी. हे भाऊ आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून कंपनी काढली, महिंद्र अँड मोहम्मद. सुरुवातीचा धंदा पोलादाचा. मग फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढं गव्हर्नर जनरलही. इकडं १९४८ मध्ये पाटीवर मोहम्मदच्या जागी दुसरा महिंद्र आला. लवकरच मुंबईत माझगावला अमेरिकेतून आलेले सुटे भाग जोडून जीप तयार व्हायला लागल्या. पुढं कांदिवली झालं, नाशिक झालं, इंजिनांसाठी इगतपुरी झालं. त्यामुळं जीप मूळची अमेरिकन असली तरी तिचं हिंदुस्थानी माहेर महाराष्ट्रच आहे.

गंमत म्हणजे स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळाही जीपचाच. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी जीपखरेदीचा करार केला. रक्कम सुमारे ऐंशी लाख, गाड्या दोनशे. बरेचसे पैसे आधीच दिले गेले, आणि बोटीतून उतरल्या १५५, त्याही वापरण्याच्या लायकीच्या नाहीत अशी ओरड झाली. संसदेत गाजलं. १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण बंद केलं आणि १९५६ मध्ये मेनन केंद्रात मंत्री झाले, पुढं संरक्षणमंत्री. १९६२ च्या चीन युद्धामुळं त्यांना जावं लागलं आणि त्यांच्या खुर्चीवर कोण गेलं? आपल्या कराडचे यशवंतराव.

यशवंतराव संरक्षणमंत्री असतानाच १९६५ ची लढाई झाली. पंजाबात असल उत्तरला अब्दुल हमीद या हवालदारानं जीपवर बसवलेल्या तोफेनं पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले आणि स्वतः तिथंच पडला. मरणोत्तर परमवीर चक्र. माझ्या पिढीनं हा धडा शाळेत असताना ऐकलाय. पोलादी रणगाड्यासमोर उघडी जीप, हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. तिथं जीप म्हणजे धाडस होतं, कारण तिच्यात बसलेला माणूस समोरच्यापेक्षा जास्त उघडा होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

साहेबाची गाडी

लढाईवरची जीप झाली. आता गावातली.

२ ऑक्टोबर १९५२ ला देशात समुदाय विकास योजना सुरू झाली. गट पडले, गटाला एक अधिकारी आला, बीडीओ. आणि बीडीओला आली जीप. १ मे १९६२ ला आपल्याकडं जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या झाल्या, तशी सभापतींनाही जीप मिळाली. गावातल्या लोकांसाठी सरकार म्हणजे कागद, शिक्का आणि जीप. तिचा आवाज मैलभरावरून ओळखू यायचा.

माझे वडील ग्रामसेवक होते. तीन गावं सांभाळायला त्यांच्याकडं सायकल होती. ते सांगतात, घाटात मागून जीपचा आवाज आला की सायकलवरून उतरायचं, कडेच्या चरीत उभं राहायचं, धूळ खायची आणि जीप पुढं गेली की मग निघायचं. रस्ता अरुंद होता हे खरं. "पण रस्ता रुंद असता तरी उतरलोच असतो," असं वडील म्हणतात. आत साहेब आहे का नुसता ड्रायव्हर विडी ओढत चाललाय, हे कुणी बघत नव्हतं. जीप आली, बाजूला व्हा.

जीपनं चांगलंही पुष्कळ आणलं. देवीची लस तिच्यातून आली, संकरित बियाणं तिच्यातून आलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतर पडक्या गावांतून पहिली मदत घेऊन अशाच गाड्या फिरल्या, असं आजोबा सांगायचे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांची हजेरी बघायला साहेब जीपमधूनच यायचे.

आणि १९७६ मध्ये तीच जीप भीती घेऊन आली. आणीबाणीत नसबंदीचे आकडे वरून ठरून यायचे. आपल्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच. त्या वर्षी घाटाच्या वळणावर जीप दिसली की बाप्ये रानात पळायचे. वडिलांना तेव्हा जीपमध्ये मागच्या आडव्या बाकड्यावर बसायला मिळालं, नावं दाखवायला. तो प्रवास त्यांनी मला एकदाच सांगितला. म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये बसलो आणि गावात मान खाली घालून उतरलो."

आपली गाडी: वडाप

जीप साहेबाच्या हातातून सुटून आपल्या हातात आली ती ऐंशी-नव्वदच्या दशकात. १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर धावलेली एसटी तोवर गावोगाव पोचली होती, पण फाट्यापर्यंत. फाट्यापासून वाडीपर्यंत पायच. दिवसाला दोन गाड्या, त्यातली एक मुक्कामी. मग कुणी सरकारी लिलावातली जीप घेतली, कुणी जमीन गहाण टाकून नवी लांब चाकाची जीप किंवा ट्रॅक्स काढली, आणि सुरू झालं वडाप. विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणतात, आपल्याकडं वडाप.

वडापमध्ये न बसलेला माणूस आपल्या तालुक्यात मिळणार नाही. कागदावर नऊ-दहा सीट, आत अठरा-वीस माणसं. ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर, त्याच्या शेजारी चौघं, मागं कोंबड्या, पाटी, शाळेची पोरं, टपावर सिमेंटची पोती. गिअर टाकायचा तर मधल्या माणसानं गुडघा उचलायचा. मी कराडला कॉलेज केलं ते याच वडापवर. बाळंतीण बाई रात्री दवाखान्यात पोचली ती याच्यावर, मुंबईहून आलेलं प्रेत गावात गेलं तेही याच्यावरच. कोणतंही सरकारी खातं ज्या वाडीत जात नव्हतं तिथं जीपवाला जात होता. भाडं घेत होता, पण जात होता.

आणि हे सगळं बेकायदा होतं. एसटी स्टँडपासून दोनशे मीटरची पाटी, आरटीओची धाड, महिन्याचा हप्ता, सगळं आपल्या डोळ्यांदेखत. खासगी पासिंगच्या गाडीत भाड्याचा प्रवासी मेला तर विमा कंपनी हात वर करायची. घाटात गाडी गेल्यावर घरच्यांच्या हातात काय आलं, ते मी बातमीदार म्हणून पाहिलंय. काहीच नाही.

पण हेच बेकायदा जीपडं निवडणुकीला सरकारनंच ताब्यात घ्यायचं. लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १६० आहे, मतपेट्या आणि कर्मचारी न्यायला वाहन अधिग्रहित करता येतं. म्हणजे मतदानाच्या आदल्या दिवशी पेटी घेऊन डोंगरावर जाणारी जीप कायदेशीर, आणि निकालानंतर त्याच रस्त्यावर म्हातारीला घेऊन जाणारी बेकायदा. २०२१-२२ च्या एसटी संपातही तेच झालं. सरकारनं अधिसूचना काढून खासगी गाड्यांना प्रवासी न्यायला मोकळीक दिली, संप मिटला आणि परत पाटी लागली.

हा काळ मला जीपच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा वाटतो. गाडी खडबडीत, रस्ता खडबडीत, वापर रोजचा, आणि आत वीस माणसं. त्या जीपला कुणी बाजूला होत नव्हतं, उलट हात करून थांबवत होतं.

माझी गाडी

मग रस्ते झाले. २५ डिसेंबर २००० ला पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली, वाड्यांपर्यंत डांबर गेलं. मोटारसायकली स्वस्त झाल्या, हप्त्यावर मिळायला लागल्या. वडाप कमी झालं. जीपची गरज संपत आली तशी जीप सुंदर होत गेली. २००० मध्ये बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ, २०१० मध्ये थार. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली, एसी, टचस्क्रीन, एअरबॅग सगळं घेऊन. धडकेच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले, म्हणजे आतला माणूस जुन्या जीपपेक्षा कितीतरी सुरक्षित झाला. चांगलंच झालं.

पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो जानेवारी २०२३. त्या महिन्यात थारचं असं मॉडेल आलं, ज्याची फक्त मागची दोन चाकं ओढतात. किंमत ९ लाख ९९ हजारांपासून. जीपची सगळी ओळख ज्या गोष्टीवर उभी होती, ती चार चाकांची ओढच काढून टाकली, आणि तरी लोकांनी रांग लावली. यात कंपनीचं काही चुकलं नाही. तिनं गिऱ्हाईक बरोबर ओळखलं. आपल्याला चिखल नको होता, चिखलातून आल्यासारखं दिसायचं होतं.

का दिसायचं होतं? याचं उत्तर मला माझ्याच गाडीनं दिलं.

गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात मी पुढं लोखंडी गार्ड बसवला. वर चार दिव्यांची पट्टी. टायर एक नंबर मोठे. असं गार्ड बसवणं बेकायदा आहे, केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं, हे मला माहीत होतं. मी स्वतः त्याची बातमी केली होती. तरी बसवला. आणि काय सांगू, जग बदललं. टोलच्या लाइनीत पुढचा बाजूला व्हायला लागला. पोलीस हात दाखवेनासा झाला. तहसील कचेरीच्या आवारात, जिथं माझ्या मोटारसायकलला शिपाई हाकलायचा, तिथं तोच शिपाई जागा करून द्यायला लागला. १ मे २०१७ ला लाल दिवे गेले, पण लाल दिव्याचं काम करणारं काहीतरी लोकांना पाहिजेच होतं. ते आता शोरूममध्ये हप्त्यावर मिळतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

मग गेल्या जुलैतला तो दिवस. शाळा सुटली होती, पाऊस धो धो. पोराला घेतलं, गाडी चालू केली, समोर बघितलं, रस्ता मोकळा. क्लच सोडला. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं दोन्ही हातांनी बॉनेटवर धपाधप मारलं. ब्रेक दाबून उतरलो. गार्डच्या पुढं, वीतभर अंतरावर, पिवळा रेनकोट घातलेली एक पोरगी वाकून चप्पल शोधत होती. पहिलीतली असेल. तिची उंची माझ्या बॉनेटपेक्षा कमी. मला ती दिसणं शक्यच नव्हतं. गाडी जितकी मी उंच केली होती, तितकं पुढचं आंधळं अंतर वाढलं होतं.

हात कापत होते. मला वाटलं आता शिव्या बसणार, बसायलाच हव्या होत्या. तेवढ्यात पोरीची आई धावत आली. तिनं पोरीला ओढलं, पाठीत एक धपाटा घातला आणि माझ्याकडं बघून हात जोडले.

"चुकलं साहेब. लक्ष नव्हतं तिचं."

साहेब. चूक माझी, आणि माफी तिची.

त्या रात्री वडिलांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही चरीत उतरायचो ना, तसंच." आणखी काही बोलले नाहीत.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेनं एक अभ्यास काढला. ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच, त्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर तो मरण्याची शक्यता ३० इंच किंवा त्याहून कमी आणि उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. साधी गाडी पायाला लागते, माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी छातीला लागते, आणि पोराच्या डोक्याला. मघाशी म्हटलं होतं ना, असल उत्तरला जीपमधला माणूस समोरच्यापेक्षा जास्त उघडा होता. आज उलटं झालंय. आत बसलेला बंदिस्त आणि बाहेरचा उघडा.

३ ऑक्टोबर २०२१ ला उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरीला आंदोलनातून परतणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये थारसह काही गाड्या घुसल्या. त्या दिवशीच्या घटनेत आठ जणांचा जीव गेला. चार शेतकरी होते, आणि एक तिथलाच स्थानिक पत्रकारही होता. खटला कोर्टात आहे, त्यावर मी काही म्हणणार नाही. पण तालुक्याचा पत्रकार म्हणून ती बातमी मी वेगळ्या नजरेनं वाचली होती. आणि तरी वर्ष-दीड वर्षानं माझ्या गाडीला गार्ड बसवला होता, हे इथं लिहून ठेवतो.

मग विकू का?

बायको म्हणते विक. पोरगं म्हणतं नको. मी अजून ठरवलं नाही. गार्ड काढला, दिव्यांची पट्टी काढली, टायर मूळ मापाचे टाकले. शाळेला पोराला आता चालत सोडतो, आठ मिनिटं लागतात. गाडी निघते ती वर जायचं असेल तेव्हा.

अशा गाड्या घेऊ नका, असं मी म्हणत नाही. तुमचा पैसा, तुमची हौस. शेती वर असेल, घर चढावर असेल, तर यासारखी गाडी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की या गाडीची खरी गरज जिथं आहे तिथं ती आजही नाही. गेल्या पावसाळ्यात एका वाडीतून सर्पदंश झालेल्या माणसाला चौघांनी घोंगडीच्या झोळीत घालून दोन तास खाली आणलं. रुग्णवाहिका आली होती, डांबर संपतं तिथं उभी होती. तिचा दोष नाही, लांब अंगाची गाडी ती, चिखलात चढत नाही. माणूस वाचला, नशीब. त्याच वेळी आपल्या बाजारपेठेत चढू शकणाऱ्या गाड्या किती उभ्या असतील? मी त्या दिवशी कराडला होतो, गाडी पार्किंगमध्ये.

म्हणून दोन गोष्टी मांडतो. एक, डोंगरी भागातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राला चारही चाकं ओढणारी एक गाडी मिळावी. साधी, जुन्या जीपसारखी, टचस्क्रीन नसली तरी चालेल. याचं निवेदन तयार करतोय, सह्या लागतील. दोन, ज्यांच्याकडं फोर बाय फोर आहे त्यांची एक यादी करू. पावसाळ्याच्या चार महिन्यांत रात्री-बेरात्री फोन आला तर कोणत्या खोऱ्यात कोण जाईल, एवढंच. भाडं नाही, बोर्ड नाही. यादीत पहिलं नाव माझं लिहितो.

आणि गार्ड असेल तर काढा. शाळेपुढून निघताना एकदा उतरून पुढं बघा. मी आता बघतो. पोरं हसतात, हसू देत.

जाता जाता, तुमच्या गावात पहिली जीप कुणाची आली होती? घरात जुना फोटो असेल, वडापचा, निवडणुकीच्या भोंग्याचा, नाहीतर बीडीओ साहेबांसोबतचा, तर खाली टाका. वडिलांना दाखवायचेत.